दक्षिणद्वार : शिरोळ तालुक्यातल्या नद्या आणि माणसं



या व्याख्यानाच्या संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली आणि भूगोलाच्या मास्तराला मोकळीक दिली की तो नकाशाच काढतो. आज भिंतीवर नकाशा टांगलेला नाही, त्याची गरजही नाही. तुम्ही सगळे त्या नकाशावरच बसला आहात.

कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा शेवटचा तालुका म्हणजे आपलं शिरोळ. वारणा उत्तरेच्या हद्दीवरून येते आणि हरिपूरसमोर कृष्णेत शिरते. पंचगंगा कोल्हापूरहून वळणं घेत येते ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दूधगंगा दक्षिणेच्या अंगाने सरहद्दीकडे जाते. वारणा आणि पंचगंगेला पोटात घेऊन कृष्णा राजापूरच्या बंधाऱ्यावरून पुढे कर्नाटकात उतरते. एका तालुक्याच्या वाट्याला चार नद्या महाराष्ट्रात फार ठिकाणी आलेल्या नाहीत. आपण नशीबवान आहोत, असं आपल्याला वर्षातले दहा महिने वाटतं.

आता पावसाकडे बघा. गगनबावड्याला, राधानगरीच्या रानात, महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. आपल्याकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पावसाच्या हिशेबाने आपण जवळजवळ दुष्काळी पट्ट्याचे शेजारी. तरीही महापुराच्या बातमीत पहिलं नाव आपलं असतं, कारण इथे वाहणारं पाणी इथे पडलेलंच नसतं. डोक्यावर स्वच्छ ऊन, पोरं मैदानात क्रिकेट खेळतायत, आणि नदीकाठच्या मळीच्या रानात पाणी वीतवीत चढतंय, हे दृश्य बाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्याकडे जनावरं सोडायची तयारी सुरू होते. कोयनेतून किती क्युसेक, वारणेतून किती, पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हे आकडे इथली अंगठा लावणारी आजीसुद्धा तोंडपाठ सांगायची. विद्यापीठात ज्याला जलविज्ञान म्हणतात ते इथे चहाच्या टपरीवर चालतं.

त्यात आपल्या संगमाचा एक खास स्वभाव आहे. कृष्णा फुगली की ती पंचगंगेला आत येऊ देत नाही. पंचगंगा मागे रेटली जाते, तिचा फुगवटा वर वर सरकतो. म्हणून पंचगंगेचा पूर ओसरायला वेळ लागतो. पाणी येताना दोन दिवसांत येतं, जाताना आठ-आठ दिवस घेतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत माणसाला दमवलं ते पाण्याच्या उंचीपेक्षा त्याच्या मुक्कामाने. चार तास पाण्यात राहिलेलं पीक सावरतं, आठ दिवस बुडालेला ऊस कुजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरुंदवाड, वाडी, खिद्रापूर आणि नदीपल्याडची आलास, बुबनाळ, औरवाड, गौरवाड, कवठेगुलंद, शेडशाळ, गणेशवाडी ही गावं जगापासून तुटली होती. त्याचं वर्णन मी तुम्हांला काय करणार? तुम्हीच ते भोगलंय.

या मातीकडे मात्र थोडं थांबून बघू. ही काळी, खोल माती आपली नाही, पुरानेच आणलेली आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टची झीज हजारो वर्षं वाहत आली आणि या सपाट भागात नदीचा वेग मंदावल्यावर खाली बसली. नदीकाठच्या रानाला आपण मळी म्हणतो. मळीच्या रानाचा भाव वेगळा, तिथल्या वांग्याची चव वेगळी. कृष्णाकाठचं वांगं पुण्या-मुंबईच्या बाजारात नावावर विकलं जातं, ते या गाळाचं देणं. ज्या पुराला आपण शिव्या देतो त्यानेच हे रान घातलं. जुनी माणसं हे जाणून होती. म्हणून गावठाणं टेकावर आणि पिकं मळीत. मळीत घर बांधायची कुणाची छाती नव्हती. पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायची आणि तीत पोरंबाळं, म्हातारी माणसं घालून पलीकडे न्यायची, अशा आठवणी अजून सांगितल्या जातात. हातात असेल त्या वस्तूने पाण्याशी जुळवून घेण्याची ही बुद्धी होती.

याच बुद्धीचं सर्वांत सुंदर रूप वाडीला आहे. महाराष्ट्रभर नृसिंहवाडी म्हणतात, आपण नुसतं वाडी म्हणतो. नृसिंहसरस्वतींनी संगमावर बारा वर्षं वास्तव्य केलं अशी श्रद्धा. मूळ स्थानी मूर्ती नाही, पादुका आहेत, आणि त्या नदीच्या अगदी काठाशी. देऊळ बांधणाऱ्यांना वरची जागा दिसत नव्हती का? दिसतच होती. पुरात उत्सवमूर्ती वरच्या देवळात हलवतात, पादुका मात्र आपल्या जागी. कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या वाहत्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या करून येतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पुराच्या बातमीने इतर गावं धास्तावतात, आणि इथे 'दक्षिणद्वार झालं का?' म्हणून फोन सुरू होतात. देवळात पाणी शिरणं हे जगात सगळीकडे संकट असतं, आपण त्याचा सोहळा केला. श्रद्धेचं मला फारसं कळत नाही, रचनेचं थोडं कळतं. ज्याने हे देऊळ असं ठेवलं त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती : पाणी येणारच, त्याला जायला दार ठेवलं पाहिजे.

पुढचं सगळं व्याख्यान मी या दोन दारांच्या आधाराने करणार आहे, कारण आपल्या तालुक्याचा सुखदुःखाचा हिशेब मला तिथेच दिसतो. आत येणारं खूप आलं. बाहेर जायचं दार कुठे उघडं राहिलं, कुठे बुजलं?

माणसं आणि संस्कृती यांच्या बाबतीत ते उघडं राहिलं, असं मी म्हणेन. वाडीच्याच देवळाचं बघा. त्याचं बांधकाम विजापूरच्या आदिलशहाने करून दिलं, औरवाड आणि गौरवाड इनाम दिली, अशी परंपरा सांगते. त्याच औरवाडच्या, म्हणजे अमरापूरच्या, गरीब ब्राह्मणाची घेवड्याच्या वेलाची कथा गुरुचरित्रात आहे. वेल उपटला आणि मुळाशी धनाचा हंडा निघाला. कथेचा अर्थ पुराणिकांनी सांगावा. मला त्यातला घेवडा खरा वाटतो. परसात वेल असणं आणि त्याच्या शेंगांवर दिवस काढणं, हे नदीकाठच्या गरिबाचं अस्सल चित्र आहे.

नदीने खाली खिद्रापूरला जा. तिथे कृष्णा गावाला जवळजवळ वेढा घालते, पलीकडे कर्नाटकातलं जुगूळ. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकाचं, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या सिंघण यादवाने दिलेल्या दानाचा लेख तिथे दगडावर आहे. स्वर्गमंडपात उभे राहा. बारा खांबांचं वर्तुळ, वर छताला गोल उघडं भोक, आणि बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. पाऊस आत, ऊन आत, चांदणं आत. देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे, एकाची सोंड दुसऱ्यासारखी नाही. समोर नंदी नाही, म्हणून लोक तो खाली येडूरला गेल्याचं सांगतात. शिवाचा कोप शमवायला विष्णू आला, म्हणून इथे दोन लिंगं, एक कोपेश्वराचं, एक धोपेश्वराचं. रागावलेला देव आणि त्याची समजूत काढणारा देव एकाच गाभाऱ्यात. चोळ राजा राजाधिराज अकराव्या शतकाच्या मध्याला ज्या कोप्पमच्या लढाईत हत्तीवर मारला गेला, ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर असं काही अभ्यासक मानतात, काही कर्नाटकातल्या कोप्पळकडे बोट दाखवतात. मी त्या भांडणात पडत नाही. हजार वर्षांपूर्वीही हा काठ दक्षिण आणि उत्तर यांच्या वाटेवर होता, एवढं त्यातून निघतं. आजही इथल्या घरात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं.

कुरुंदवाडवर मला खरं म्हणजे वेगळं व्याख्यान द्यायला आवडेल. पटवर्धनांचं संस्थान, तेही पुढे थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटलं गेलेलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात. पण मला घोडे आणि गाणं यांची गोष्ट सांगायची आहे.

विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडकरांच्या पदरी घोड्यांचे जाणकार होते. गाण्याच्या वेडाने ते ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडेही जाऊन शिकून आलेले. कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईत आली, तिचे खेळ पाहून 'आपण का नाही?' म्हणत १८८० च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. भारतातली पहिली सर्कस म्हणतात ती हीच. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ विपन्नावस्थेत सापडले, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर घेतलं. देशोदेशी तंबू पडायचे, एकीकडे वाघ-सिंह आणि दुसरीकडे ग्वाल्हेर घराण्याचा तो वेडा, अलौकिक गळा. विष्णुपंतांनंतर त्यांच्या भावाने खाँसाहेबांना सांभाळलं. १९२२ मध्ये रहिमत खाँ गेले ते कुरुंदवाडलाच. ग्वाल्हेरचा सूर कृष्णेकाठी विसावला.

आणि याच कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम पाहताना डोळ्यांना इजा झाली आणि शिक्षणाचा रस्ता बंद झाला. मिरजेला उपचार चालले, तिथेच गाणं शिकायचा सल्ला मिळाला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारात आणि कोठीवर अडकलेलं गाणं शाळेच्या बाकावर आणलं, त्याचं श्रेय त्यांचं. कुरुंदवाडात आलेलं गाणं कुरुंदवाडात साचलं नाही, ते लाहोरपर्यंत गेलं. मी दक्षिणेचं दार म्हणतो ते हे.

आजही कुरुंदवाडातल्या पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि गणपती एका छताखाली असतात. बाहेरचे पत्रकार येऊन याच्या बातम्या करतात, आपल्या लोकांना त्यात बातमी काय हेच कळत नाही. बातमी न वाटणं हीच खरी कमाई.

जयसिंगपूर हे या सगळ्यात अगदी वेगळं, ठरवून वसवलेलं गाव. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिरोळ रोड स्टेशनजवळ ही बाजारपेठ वसवली आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं नाव तिला दिलं. सरळ रस्ते, नंबरच्या गल्ल्या. पत्ता विचारला की 'अमुक नंबरची गल्ली' असं उत्तर मिळतं, देवळाची खूण सांगावी लागत नाही. जुनी गावं नदी बघून बसली, जयसिंगपूर रेल्वे बघून. आज तिथल्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते आणि गळीत हंगामाच्या तोंडावर उसाच्या दराची लढाई तिथून पुकारली जाते. राज्यभरच्या साखर कारखानदारांचे कान त्या दिवशी जयसिंगपूरकडे असतात.

नांदणीच्या जैन मठाचं, सैनिक टाकळीच्या घराघरातल्या फौजींचं नुसतं नाव घेऊन पुढे जावं लागतंय, वेळ थोडा आहे. नांदणीबद्दल एकच सांगतो. २०२५ च्या जुलैत मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली, तेव्हा हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरला चालत गेली. हत्ती मठात असावा की नसावा, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे आणि प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न भावनेने झाकू नये, असं मला वाटतं. पण त्या मोर्चात फक्त जैन नव्हते. तालुक्यातली सगळ्या जातिधर्मांची माणसं होती.

हेरवाडवर मात्र थांबायलाच हवं. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोरोनाने घराघरात तरण्या विधवा करून ठेवल्या होत्या, त्यातून हे आलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. महर्षी कर्व्यांच्या महाराष्ट्रात हे व्हायला २०२२ उजाडावं लागलं याची लाज वाटते, आणि पहिलं पाऊल आपल्या तालुक्यातल्या एका ऊस पिकवणाऱ्या गावाने टाकलं याचा अभिमानही. ठराव कागदावर असतो, घरातली म्हातारी माणसं कागद वाचत नाहीत. तेव्हा हेरवाडचं काम अजून पुरं झालेलं नाही. शेजारच्या गावांनी तर ते नीट सुरूही केलेलं नाही.

आता बुजलेल्या दाराकडे येतो.

नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, उपसा योजना आल्या, ऊस आला. कोरड्या पट्ट्यातल्या या तालुक्याने पैसा पाहिला तो या पाण्यावर. पण काळ्या खोल रानात वर्षानुवर्षं भरमसाट पाणी सोडलं आणि ते खाली निचरून जायला वाट नसली की जमिनीतलं पाणी वर चढतं. मातीतले क्षार सोबत घेऊन येतं. वरचं पाणी उडून जातं, क्षार राहतात. एक दिवस शेतकरी सकाळी रानात जातो तर सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. बोट लावून चाखलं तर खारट. आधी उसाचा उतारा घटतो, मग कांडी बारीक होते, मग उगवणच होत नाही, शेवटी तिथे लव्हाळा आणि पाणकणीस. काठावरचं सोन्यासारखं रान पड. पाणी आत आणायला आपण कर्ज काढलं, मोटारी बसवल्या, संस्था काढल्या. ते बाहेर काढायचा विचार कुणाच्या आराखड्यात नव्हता.

यावर उपाय आहे आणि तो इथेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेला आहे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने, सा. रे. पाटलांच्या आणि पुढे गणपतराव पाटलांच्या काळात, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड रानांचा निचरा करण्याचं काम हाती घेतलं. चार-पाच फूट खोल चर, त्यात जाळी गुंडाळलेला भोकांचा पाइप, उताराने मुख्य पाइपला जोडलेला, आणि शेवटी पाणी ओढ्याला. दोन-तीन पावसाळ्यांत क्षार धुऊन जातात आणि ज्या रानात गवताशिवाय काही नव्हतं तिथे पुन्हा ऊस उभा राहतो. ऐकायला सोपं. खरी अडचण पाइपची नाही, शेजाऱ्याची आहे. माझ्या रानातलं पाणी ओढ्याला जायचं तर ते तुमच्या बांधातून जाणार. ऊस एकट्याने लावता येतो, निचरा एकट्याने करता येत नाही. ज्या गावांत दोनशे-चारशे एकरांचे मालक एका बैठकीत बसले, तिथे रानं सुटली. जिथे भाऊबंदकी बसली, तिथे अजून लव्हाळाच आहे.

पंचगंगेचं पाणीही असंच. वरच्या शहरांची आणि कारखान्यांची घाण घेऊन ती येते, उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला जलपर्णी साठते, मेलेले मासे काठाला लागतात. दरवर्षी पाहणी होते, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात. याच तालुक्यातल्या दानोळीत वारणेचं पाणी इचलकरंजीला देण्यावरून गाव रस्त्यावर उतरलं होतं. वरच्या शहराने आपली नदी आधी घाण करायची आणि मग खालच्या गावाकडे स्वच्छ नदी मागायची, हा राग मला समजतो. पण तहानलेल्या शहरातली बाई घागर घेऊन उभी असते, ती कुणाची शत्रू नसते, हेही त्या रागात विसरू नये.

राहिला पूर. पूर म्हटला की आपण अलमट्टीचं नाव घेतो. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि त्याला महाराष्ट्राने ठाम विरोध केलाच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण सगळं खापर खालच्या राज्यावर फोडलं की आपल्या घरातलं झाकता येतं, आणि ती सोय आपल्या पुढाऱ्यांना फार आवडते. पुलांच्या दोन्ही बाजूंना जे मातीचे उंच भराव घातले, ते पुराच्या वाटेत आडवे बांध आहेत. त्यांना पुरेशा कमानी नाहीत. ओढे बुजवून प्लॉट पाडले. पूररेषेच्या आत घरं, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप. हे कर्नाटकने केलेलं नाही. वाडीच्या देवळाने शेकडो वर्षांपूर्वी जे पाळलं ते आपल्या अभियंत्यांनी आणि नगररचनाकारांनी पाळलं नाही, आणि आपण मतदार म्हणून त्यांना कधी विचारलं नाही.

म्हणून एक काम मागून थांबतो. गावागावांत जुन्या पुरांच्या खुणा आहेत. कुणाच्या जोत्यावर २००५ ची रेघ आहे, कुणाच्या दारावर २०१९ ची, कुठे देवळाच्या पायरीवर त्याआधीची. बुजवलेल्या ओढ्यांची नावं, मळीच्या रानांची नावं, पाणी आधी कुठून शिरतं आणि कुठून उतरतं, हे फक्त साठी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहे. घरं नव्याने बांधली जातायत, रेघा पुसल्या जातायत, माणसं जातायत. प्रत्येक हायस्कूलने आपल्या गावाची ही नोंद करावी : जागा, वर्ष, जोत्यापासून उंची, सांगणाऱ्याचं नाव. एक वही आणि मोजपट्टी पुरे. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलला द्या. उद्या कुणी नवा भराव घालायला आलं की ती त्याच्यापुढे ठेवता येईल. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते. बंधाऱ्यांचे बरगे निघायच्या आत हे काम सुरू करा.